आवाज होता, लिहून घ्या

...नाही, पण मला सांगा, तुम्हाला ऐकू आला नाही म्हणून आवाज नव्हताच, हा कुठला न्याय? उद्या म्हणाल, तुमची दाढ दुखताना आम्हाला दिसली नाही, म्हणजे दुखलीच नाही. पाच माणसं माझ्या खोलीत येतात, वरून खुर्च्या मागवतात, चहा मागवतात, वीस मिनिटं डोळे मिटून बसतात, त्यातले साहेब तर चक्क घोरतात, आणि मग उठून, पँट झटकून म्हणतात, 'काही नाही बुवा.' अहो, तुम्ही घोरत होतात, तुम्हाला काय कपाळ ऐकू येणार? तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं काढलीत मी त्या खोलीत. आवाज होता. लिहून घ्या.

खोली म्हणजे तळघर हो. आमची बांधकाम परवान्यांची कचेरी. कुणाला मजला चढवायचाय, कुणाला गॅलरी पुढे काढायचीय, कुणाची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत चार बोटं शिरलीय आणि त्यावरून दोन घरांत बारा वर्षं बोलणं नाही... वर सह्या होतात, शिक्के होतात, भांडणं होतात, आणि शेवटी सगळे कागद फीत बांधून खाली माझ्याकडे येतात. एकेचाळीस लोखंडी मांडण्या. मधून एक माणूस आडवा होऊनच जाऊ शकतो, आणि तो माणूस मी. भिंतींना ओल, म्हणून कोपऱ्यात एक यंत्र बसवलंय, हवेतली ओल ओढून घेतं आणि खालच्या बादलीत टाकतं. आम्ही त्याला पेटी म्हणतो. ही पेटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मी सांगायला विसरलो तर तुम्ही आठवण करा.

तर नवे साहेब आल्या दिवशी खाली उतरले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, 'नोंदवही कुठाय?' मी कपाळावर बोट ठेवलं. म्हटलं, ही काय.

म्हणजे नोंदवही नाहीच. गरजच पडली नाही कधी. आता समजा तुम्ही आलात आणि म्हणालात, अमक्या गल्लीतल्या तिरक्या जिन्याची फाइल द्या. मी काय करतो? तो जिना खाली आला त्या दिवशी आमच्या घरी काय चाललं होतं ते आठवतो. त्या दिवशी माझी अक्कलदाढ काढली होती. दाढेचे कागद सगळे दाराजवळ. मुलीला कांजिण्या आल्या तो अख्खा महिना मधल्या रांगेत, खाली. मेहुण्याशी अबोला होता त्या दीड वर्षातले परवाने मागच्या भिंतीला एकदम वरच्या कप्प्यात, कारण तेव्हा माझं डोकं तापलेलं असायचं आणि हाताला येईल ते मी वर भिरकवायचो. तुम्ही हसताय, पण दोन मिनिटांत फाइल हातात. वरच्या मजल्यावर तो संगणक आणलाय, तो आधी पाच मिनिटं नुसता गोल फिरतो.

साहेब म्हणाले, 'आणि तुम्हाला काही झालं तर?' मी म्हटलं, मला काय होतंय? आणि नेमकं झालं ना.

गेल्या वर्षीची गोष्ट. जेवणाची सुट्टी संपलेली. मी स्टुलावर उभा, मेहुण्याच्या अबोल्यातली एक फाइल काढत होतो, आणि आवाज सुरू झाला. कसा म्हणून सांगू? शिट्टी नाही, गुणगुण नाही... लांब कुठेतरी रिकाम्या पातेल्यात कुणी सूर धरावा ना, तसा. एका कानातून शिरला आणि दुसऱ्यातून बाहेर पडायचं नाव घेईना. मांडण्या फिरायला लागल्या. मी खाली, माझ्यावर स्टूल, स्टुलावर एका चित्रपटगृहाचा नकाशा. उठून बसलो, आणि तुम्हाला सांगतो, कुठली फाइल काढायला चढलो होतो तेच आठवेना. त्या आठवड्यात तीन फायली सापडल्या नाहीत. सत्तावीस वर्षांत एक नाही, आणि एका आठवड्यात तीन.

घरी आलो तर ही म्हणाली, 'अहो, कपाळाला काय लागलंय?' मी म्हटलं, आवाज लागला. ती म्हणाली, 'आवाज असो नसो, तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवा.' असो नसो काय? होता. लिहून घ्या.

आता आमच्याकडे आवक-जावक बघणारा एक आहे, त्याला सगळे शंकासुर म्हणतात. समोरून बाई आली आणि 'नमस्कार' म्हणाली तर हा म्हणणार, 'आजच का?' त्याच्या कानावर माझी गोष्ट गेली, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन खाली हजर. कुठल्याशा लांबच्या देशात म्हणे कचेरीतल्या माणसांना असाच आवाज यायचा. चक्कर, डोकेदुखी, विसरणं. कुणी म्हणालं शस्त्र आहे, कुणी म्हणालं रातकिडे आहेत, कुणी म्हणालं मनाचे खेळ. मोठमोठे विद्वान वर्षानुवर्षं भांडतायत. शंकासुर आवाज बारीक करून म्हणाला, 'समोरच्या इमारतीवर नवी अँटेनाची तबकडी बसवलीय, बघितलीत? तोंड कुठे आहे तिचं? आपल्याकडे.' मी म्हटलं, अरे, आपल्या तळघरात जुने जिने आहेत आणि भिंतींची भांडणं. आपल्यावर शस्त्र कोण कशाला रोखेल? तो म्हणाला, 'तेच तर. कुणाला संशय येणार नाही.'

झालं. चार दिवसांत कचेरीभर पसरलं. टंकलेखक बाईंनी खाली येऊन ऐकला, खराखुरा ऐकला, कानशिलं दाबत वर गेल्या. मग परवाना विभागाला डोकेदुखी. मग नकाशा विभागाला चक्कर. हिशेबनीस तर त्या दिवशी रजेवर होता, त्याला घरी बसून ऐकू आला. मला इतका राग आला. माझा आवाज, मी पडलो, आणि हे सगळे फुकटात आजारी.

मग साहेबांनी समिती नेमली. साहेब अध्यक्ष, एक ध्वनितज्ज्ञ, एक मेंदूचे डॉक्टर, कर्मचाऱ्यांतर्फे शंकासुर, आणि लिहायला टंकलेखक बाई. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं, साखर न घालता. म्हणाले, 'हे बघा, आवाजाने मेंदूला इजा झाली असं ठरलं तर ती कामावरची इजा. उपचार होतील, जागा तुमची राहील. आवाज नाही असं ठरलं, तर मग तुम्ही विसरताय त्याचं कारण तुमच्यातच आहे. मग दफ्तर दुसऱ्याकडे द्यावं लागेल.' दुसऱ्याकडे? दुसऱ्याला माझ्या मुलीच्या कांजिण्या कुठे माहीत आहेत?

आली समिती खाली. आणि पहिलं काम काय केलं असेल? ध्वनितज्ज्ञ म्हणाले, 'संपूर्ण शांतता हवी. दुसरा कुठलाही आवाज मिसळला तर मोजमाप चुकेल.' बंद करा पंखे. बंद करा लिफ्ट. वरच्या मजल्यावर फोनचे रिसीव्हर काढून ठेवा, बाईंचं टंकयंत्र थांबवा, आणि हो, ती कोपऱ्यातली पेटीसुद्धा बंद करा, फार घरघरते. पेटी, आलं का लक्षात? मीच बंद केली, या हाताने. इमारतीतलं हलणारं, फिरणारं, वाजणारं सगळं थांबवलं आणि मग म्हणतात, चला, आता आवाज ऐकू. अहो, चोर पकडायला निघालात आणि आधी गावभर सांगून आलात की घराबाहेर पडू नका. एवढी शांतता झाली की मला माझ्या पोटातला चहा ऐकू येत होता. मग साहेबांचं घोरणं सुरू झालं. तज्ज्ञांच्या यंत्रात तेवढं एक उमटलं, त्याचा आलेखही निघाला, तो अहवालाला जोडायचा की नाही यावर नंतर अर्धा तास चर्चा झाली.

बाईंनी लिहिलेलं मी डोकावून बघितलं. 'कथित आवाज.' 'कथित चक्कर.' 'कथित पडणे.' मी म्हटलं, बाई, मी पडलो तेव्हा जमीनही कथितच होती का? त्या हळूच म्हणाल्या, 'साहेबांनी सांगितलंय तसंच लिहायचं.' पण तुम्ही स्वतः ऐकलात ना? म्हणाल्या, 'ऐकला हो. पण मी इथे लिहायला बसलेय.' आणि एका हाताने कानशील दाबून दुसऱ्या हाताने पुन्हा 'कथित' लिहिलं. आता बोला.

आता पुढचं जे सांगतो ते आपल्यातच ठेवा. समिती गेली. मी एकटा. पंखे चालू केले, दिवे लावले, पेटी चालू केली. आणि दहाएक मिनिटांनी... आला. तोच, पातेल्यातला सूर. मी पेटीजवळ गेलो. बटण दाबलं, बंद. आवाज बंद. पुन्हा दाबलं, चालू. थोड्या वेळाने आवाज चालू. बंद. चालू. बंद. चार वेळा केलं. मागच्या बाजूला हात घातला तर एक पत्रा सैल, बादली भरत आली की थरथरतो. बस. शस्त्र नाही, तबकडी नाही, रातकिडा नाही. एक स्क्रू, निसटून खाली पडलेला. उचलून खिशात टाकला.

तुम्ही म्हणाल, मग धावत वर जायचं, सांगायचं, साहेब, सापडला, मी खोटं बोलत नव्हतो. निघालोच होतो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबलो. कारण सैल पत्र्याने माणसाचा मेंदू बिघडतो, असं जगातला कुठला डॉक्टर लिहून देणार? पत्रा म्हणजे पत्रा. आवाज सापडला की आवाज सुटला. मग मी विसरतोय ते कशाने?

माझे वडील... सांगतो. वडील हुशार माणूस, टपाल कचेरीत होते, हजार घरांचे पत्ते तोंडपाठ. निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी एक दिवस नीट कपडे करून, भांग पाडून कामावर निघाले. मग रोजच निघायला लागले. कुणाच्याही दाराशी उभे राहायचे आणि विचारायचे, 'आमचं कुलूप का बदललंत?' लोक चांगले, आणून सोडायचे. आणि एका संध्याकाळी मी त्यांच्या समोर बसलोय, ताट वाढलंय, आणि ते माझ्याकडे बघून अगदी आदराने म्हणाले, 'आपण कुठे काम करता?' आपण. मला जन्मात कधी 'अरे'शिवाय हाक मारली नव्हती त्यांनी. मी म्हटलं, परवाना कचेरीत. ते म्हणाले, 'वा, छान आहे.' त्या रात्री मी फार रडलो. सांगायला लाज कसली?

म्हणून सांगतो, मला आवाज हवा होता. शस्त्र निघालं असतं तर साखर वाटली असती मी. दुश्मनाने मारलं तर माणूस उठतो, औषध घेतो, भांडतो. घरातूनच आलेलं असेल तर भांडायचं कुणाशी? तर पहिल्या पायरीवरचा पाय मी खाली घेतला. पेटी पुन्हा चालू केली, आवाज सुरू झाला, आणि खुर्चीत बसून ऐकत राहिलो. हे मात्र लिहून घेऊ नका.

मग अंतिम बैठक. साहेबांच्या केबिनमध्ये दोन तास वाद. ध्वनितज्ज्ञ म्हणाले, 'आवाजाने कान जाईल, मेंदू जाणार नाही.' डॉक्टर म्हणाले, 'मेंदू जाऊ शकतो, पण त्याला आवाज लागतोच असं नाही.' शंकासुर म्हणाला, 'ऐकूच येत नाही अशा आवाजाचं काय?' तज्ज्ञ म्हणाले, 'ऐकू येत नाही तर तो आवाज कसला?' शंकासुर म्हणाला, 'हेच त्यांना हवंय.' साहेब म्हणाले, 'कुणाला?' शंकासुर म्हणाला, 'ते मी इथे बोलणार नाही,' आणि पडदा ओढून घेतला. डॉक्टर म्हणाले, 'रुग्णाला खरंच त्रास आहे, तो नाटक करत नाही.' तज्ज्ञ म्हणाले, 'माझ्या यंत्रात त्रास दिसत नाही.' मग एक तास 'इजा' लिहायचं की 'तक्रार' यावर. आणि मी कोपऱ्यात बसलोय, खिशात तो स्क्रू, एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करू शकतो, आणि तोंड कुणाचं बंद आहे? माझं. साहेबांनी विचारलं, 'तुम्हाला काही सांगायचंय?' मी म्हटलं, आवाज होता. लिहून घ्या. बाईंनी लिहिलं, 'कथित.'

शेवटी ठरलं की डॉक्टरांनी माझी स्मरणशक्ती तपासावी आणि त्यावरून काय ते ठरवावं. गेलो. ही बरोबर होती, बाहेर बाकावर. डॉक्टरांनी पाच शब्द दिले. आरसा, घोडा, कुलूप, संत्रं, पूल. म्हणाले, 'थोड्या वेळाने विचारीन.' मग घड्याळ काढायला लावलं, काढलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, केले. महिने उलटे म्हणून दाखवले, डॉक्टर एका जागी अडले, मी नाही. मग म्हणाले, 'ते पाच शब्द?' आरसा. घोडा. संत्रं. पूल. आणि... आणि... मी छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, डॉक्टरांच्या बुटांकडे बघितलं. ते म्हणाले, 'राहू दे, चार चांगले आहेत.' कुठे राहू दे? बाहेर आलो, जिना उतरलो, रस्ता ओलांडला, घरी आलो, ही दाराशी पर्समध्ये किल्ली शोधत होती, आणि मी ओरडलो, कुलूप! ती दचकली. म्हणाली, 'अहो, उघडतेय ना.'

मग पाकीट आलं. डॉक्टरांचं मत, मोहोरबंद. माझी जागा राहणार की जाणार, आणि त्याहून मोठं... ते सगळं त्या पाकिटात. साहेबांनी उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, 'गोपनीय आहे, एकच प्रत आहे, सोमवारी मुख्य कचेरीचे लोक येतील त्यांच्यासमोर उघडू. तोवर दफ्तरात जपून ठेवा.' आणि कुणाच्या हातात दिलं? माझ्या. कचेरीची पद्धतच तशी, जो कागद येईल तो शेवटी खाली जाणार. कुणाच्या मनात आलं नाही, की ज्याची आठवण शाबूत आहे की नाही हे या कागदात लिहिलंय, त्याच्याकडेच हा कागद आठवणीने ठेवायला देतोय आपण. माझ्याही मनात आलं नाही. पद्धत ती पद्धत.

खाली आलो. पाकीट दिव्यासमोर धरून बघितलं, काही दिसलं नाही. उघडावं वाटलं, धीर झाला नाही. मग म्हटलं, कधीच विसरणार नाही अशा जागी ठेवू. आणि ठेवलं.

सोमवारी मुख्य कचेरीचे लोक आले. साहेब म्हणाले, 'आणा.' मी खाली गेलो. दाढेत बघितलं. कांजिण्यांत बघितलं. मेहुण्याच्या अबोल्यात स्टुलावर चढून बघितलं, खालून शंकासुर स्टूल धरून म्हणतोय, 'कुणीतरी पळवलं असणार.' मी आठवायला लागलो, पाकीट ठेवलं त्या दिवशी घरी काय होतं? काहीच नव्हतं हो. भाजी होती, ही होती, वीज होती. दाढ नाही, ताप नाही, भांडण नाही. अशा दिवसाचा कागद ठेवायला माझ्याकडे मांडणीच नाही.

आता तीन आठवडे झाले. साहेब वर म्हणतात, 'अहवाल उपलब्ध नाही, म्हणून निष्कर्ष नाही, म्हणून स्थिती जैसे थे.' म्हणजे जागा आहे. नवी समिती नेमणार आहेत, पाकीट कसं गेलं याची चौकशी करायला. बाई मला म्हणाल्या, त्यात 'कथित पाकीट' लिहायचं ठरलंय. डॉक्टर म्हणतात, 'पुन्हा या, पुन्हा तपासतो.' ही रोज विचारते, 'जायचं का?' मी म्हणतो, जाऊ. तिने दाराच्या आत एक चिठ्ठी लावलीय, किल्ली, डबा, चष्मा. मी ती वाचतो, खिसे चाचपतो आणि निघतो.

एकेचाळीस मांडण्यांपैकी चाळीस बघून झाल्यात. एक राहिलीय. वडिलांना आम्ही दारोदार शोधत होतो त्या वर्षाची. पेटीच्या शेजारीच आहे. कधीच न विसरण्यासारखी जागा म्हणाल तर तीच, मला कळत नाही असं नाही. पण तिकडे वळलो की नेमकं काहीतरी काम निघतं. कुणाला जिना हवा असतो, कुणाला भिंत. परवा गेलो होतो, अगदी जवळ, हातही लावला, तर तो आवाज सुरू झाला आणि मला चक्कर आल्यासारखं वाटलं, मी परत फिरलो. स्क्रू? खिशातच आहे अजून. बसवायचा राहून जातोय.

तर एवढंच. आवाज होता, आहे, आत्ता इथून खाली गेलात तर तुम्हालाही ऐकू येईल. आवाज होता. घ्या लिहून. फक्त लिहून झालं की तो कागद माझ्याकडे ठेवायला देऊ नका.